टेकडीवरचे नाट्यगृह : सिनसिनाटीतील संगीत रंगभूमीचे शिक्षण आणि सुरक्षित आवाराची कल्पना

अमेरिकेतील एखाद्या शहरी विद्यापीठात संगीत रंगभूमीचे शिक्षण घ्यावे की नाही, याचा विचार करणारा विद्यार्थी आणि त्याचे पालक साधारणतः दोन प्रश्न विचारतात. अभ्यासक्रम कसा आहे, हा पहिला. आवार सुरक्षित आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ब्रॉडवेवर पोचलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या संख्येने दिले जाते, दुसऱ्याचे गुन्ह्यांच्या वार्षिक तक्त्याने. दोन्ही उत्तरे आकड्यांत मिळतात आणि वेगवेगळ्या कार्यालयांतून मिळतात. त्यामुळे या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असावा अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. ओहायो राज्यातील सिनसिनाटी विद्यापीठाचा इतिहास वाचताना मात्र हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे अवघड होऊन बसते. तेथील कॉलेज-कॉन्झर्व्हेटरी ऑफ म्यूझिक, म्हणजे ‘सीसीएम’, ही संस्था आज जेथे उभी आहे तेथे कशी आली आणि ज्या वस्त्यांतून आली त्या वस्त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले की ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ निराळा दिसू लागतो.

आधी शब्दाविषयी थोडेसे. ‘संगीत रंगभूमी’ म्हटले की किर्लोस्कर-देवलांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या मनात गायकनट उभा राहतो. त्याचे गाणे हेच नाटकाचे मुख्य आकर्षण. अमेरिकन ‘म्यूझिकल’मध्ये गाणे, अभिनय आणि नृत्य या तिन्हींचा भार एकाच नटाने पेलायचा असतो. ही अपेक्षा मुळातली नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाणाऱ्यांचा ताफा वेगळा आणि नाचणाऱ्यांचा वेगळा असे. १९४३च्या ‘ओक्लाहोमा!’मध्ये अ‍ॅग्नेस द मिल यांनी बसवलेल्या स्वप्नदृश्यात नायक-नायिकेच्या जागी चक्क नर्तक उभे केले जात. १९५७च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ने मात्र टोळीतल्या पोरांना एकाच श्वासात भांडायला, गायला आणि नाचायला लावले. दोन ताफे पोसणे निर्मात्यांनाही परवडेनासे झाले होते. कलेची गरज आणि गल्ल्याची गरज अशी एकत्र आली, आणि तिन्ही अंगांनी तयार असलेला नट हवासा वाटू लागला. असा नट कंपनीत उमेदवारी करून घडणे कठीण होते. त्याला शाळा हवी होती. ही शाळा १९६८ मध्ये सिनसिनाटीत सुरू झाली. देशातील या प्रकारचा हा पहिलाच पदवी-अभ्यासक्रम, असे संस्था सांगते.

संस्था स्वतः बरीच जुनी. क्लारा बाउर या बाईंनी १८६७ मध्ये सिनसिनाटी कॉन्झर्व्हेटरी ऑफ म्यूझिक काढली. मुलींच्या एका शाळेत भाड्याने घेतलेल्या जागेत तिचा आरंभ झाला आणि १९०२ मध्ये ती माउंट ऑबर्न या टेकडीवरील एका धनिकाच्या जुन्या हवेलीत गेली. दुसरी संस्था कॉलेज ऑफ म्यूझिक. ती १८७८ मध्ये स्थापन झाली, तीही खाली सखल भागातल्या ‘ओव्हर-द-ऱ्हाइन’ या जर्मन वस्तीत, त्याच वर्षी उघडलेल्या म्यूझिक हॉलच्या आश्रयाने. तिचे पहिले संचालक थिओडोर थॉमस, म्हणजे त्या काळातले अमेरिकेतील सर्वांत नामवंत वाद्यवृंद-संचालक. कालव्याला ‘ऱ्हाइन’ म्हणणाऱ्या, बिअरच्या भट्ट्या आणि गायनमंडळ्या यांनी गजबजलेल्या त्या वस्तीत संगीत-महाविद्यालय असणे कोणालाही विशेष वाटले नसेल. दोन्ही संस्था १९५५ मध्ये एक झाल्या, १९६२ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात आल्या, आणि १९६७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात कॉर्बेट सेंटर ही त्यांची नवी वास्तू उघडली.

माउंट ऑबर्न आणि ओव्हर-द-ऱ्हाइन ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढे ती पुन्हा येणार आहेत.

कॉर्बेट सेंटर उघडले ते १९६७ हे वर्ष सिनसिनाटीला शांततेचे गेले नाही. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून महापालिकेने वेस्ट एंड भागातील केन्यन-बार ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती नागरी नवनिर्माणाच्या नावाखाली पाडली होती. पंचवीस हजारांहून अधिक माणसे तेथून उठली. महामार्ग झाला, गोदामे आणि कारखाने झाले. उठवलेल्यांपैकी पुष्कळजण विद्यापीठाच्या पलीकडच्या अ‍ॅव्हनडेल भागात दाटीवाटीने राहू लागले. जून १९६७ मध्ये आणि पुन्हा एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, अ‍ॅव्हनडेल पेटले आणि दोन्ही वेळा नॅशनल गार्ड बोलवावे लागले. एका बाजूला रस्त्यावर संचारबंदी, आणि त्यापासून फार दूर नसलेल्या टेकडीवर देशातील पहिल्या म्यूझिकल थिएटर पदवीची जुळवाजुळव, असे ते वर्ष होते. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. तसा आधार नाही. परंतु ज्या काळात श्वेतवर्णीय मध्यमवर्ग आणि त्यांच्या संस्था शहराच्या जुन्या भागातून बाहेर पडत होत्या, त्याच काळात हे स्थलांतर झाले, एवढे तरी नोंदवायलाच हवे.

गंमत अशी, की ज्या कलेचे शिक्षण आवारात सुरू झाले ती कला जगली आहे शहराच्या रस्त्यावर. ‘पोर्गी अँड बेस’ (१९३५) चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीय वस्तीत घडते. ‘वेस्ट साइड स्टोरी’ घडते मॅनहॅटनच्या पश्चिम भागात. तिच्या १९६१च्या चित्रपटातील काही दृश्ये ज्या गल्ल्यांत चित्रित झाली त्या पाडून तेथे लिंकन सेंटर हे कलासंकुल उभे राहिले. ‘रेंट’ (१९९६) आणि ‘इन द हाइट्स’ (२००८) यांचेही विषय भाडे, घर आणि गल्ली हेच. खुद्द सिनसिनाटीचा वाटा याहून जुना आणि अधिक अवघडलेला आहे. स्टीफन फॉस्टर १८४०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच नदीकाठच्या शहरात कारकुनी करत होता. तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या तमाशांनी त्याची गाणी देशभर नेली. अमेरिकन संगीत रंगभूमीची एक मुळी त्या तमाशांत आहे, हे अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. तालमीच्या दालनात विद्यार्थी ज्या गल्लीतला माणूस होण्याचा सराव करतो, त्याच गल्लीत रात्री जाऊ नये अशी सूचना त्याला प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात मिळालेली असते. नटाच्या शिक्षणाच्या दृष्टीने ही किरकोळ विसंगती नव्हे.

याच विद्यापीठाने शहराकडे कधीकाळी किती वेगळ्या नजरेने पाहिले होते! १९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी येथील अभियांत्रिकी शाखेत ‘को-ऑप’ पद्धत सुरू केली. आळीपाळीने काही काळ वर्गात आणि काही काळ शहरातील कारखान्यात काम करत शिकायचे, ही ती पद्धत. भारतातून तेथे जाणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती आजही ठाऊक असते. तिच्यामागचे गृहीतक साधे होते : शहर हा विद्यापीठाचाच एक वर्ग आहे. विद्यापीठ त्या वेळी कायद्यानेही शहराचेच होते. महापालिकेचे ते विद्यापीठ १९७७ मध्ये पूर्णपणे राज्याचे झाले. १९८९ पासून हार्ग्रीव्हज यांच्या आराखड्यानुसार आवाराचा कायापालट झाला. मोटारतळांच्या जागी हिरवळी आणि पायवाटा आल्या. आयझेनमन, गेरी, मेन अशा नामांकित वास्तुकारांच्या इमारती उभ्या राहिल्या. सीसीएमच्या वाट्याला हेन्री कॉब यांनी आखलेले, १९९९ मध्ये पूर्ण झालेले संकुल आले. त्याला ‘व्हिलेज’ म्हणतात. शहराच्या मधोमध असलेल्या संस्थेला स्वतःचे वर्णन करताना खेडे आठवावे, हे बोलके आहे. सौंदर्यदृष्ट्या हे आवार यशस्वी आहे, यात वाद नाही. पण त्यातील बहुतेक वाटा आतल्या आतच वळतात.

आता गुन्ह्यांच्या तक्त्याकडे वळू. अमेरिकेत तो प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले १९९०च्या कायद्याने. जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीचे नाव पुढे त्या कायद्याला मिळाले. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात ५ एप्रिल १९८६ रोजी तिच्या वसतिगृहातील खोलीत तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. आपोआप कुलूप लागणारे दरवाजे कोणीतरी अडकवून उघडे ठेवले होते. मारणारा बाहेरचा नव्हता. त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. तिने आधी न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाचा विचार केला होता, परंतु तेथील एका विद्यार्थिनीच्या खुनाची वार्ता ऐकून कुटुंबाने लहान गावातले, अधिक सुरक्षित वाटणारे लीहाय निवडले होते. या प्रकरणातून एक गोष्ट शिकण्यासारखी होती : धोका नेहमी कुंपणापलीकडूनच येतो असे नाही. कायद्याने नकळत उलटीच सवय लावली. त्याने आधी कुंपण आखले आणि मग आतल्या घटना मोजल्या. तक्त्यात धरायचा भूभाग म्हणजे आवार, त्याला लागून असलेले सार्वजनिक रस्ते, आणि संस्थेच्या ताब्यातील इतर इमारती. तीन चौक पलीकडे भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी लुटले तर ते त्या तक्त्यात येत नाही, आणि शहरी विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी राहतात ते तेथेच. उलट, मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचा आकडा अधिक दिसण्याचे एक कारण तेथे तक्रार नोंदवण्याची व्यवस्था चांगली असणे, हेही असू शकते. २०१३ मध्ये कायद्यात कौटुंबिक हिंसा आणि पाठलाग यांची भर पडली, २०२४ मध्ये रॅगिंगची. भूगोल मात्र तोच राहिला.

अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनाचीही हीच तऱ्हा. ‘प्लेबिल’ नियतकालिक अधूनमधून कोणत्या महाविद्यालयांचे किती पदवीधर त्या हंगामात ब्रॉडवेवर आहेत याची यादी देते, आणि सीसीएमचे नाव तीत वारंवार वरच्या क्रमांकांत आढळते. ते साधार आहे. फेथ प्रिन्स, मिशेल पॉक या टोनी पारितोषिक मिळवणाऱ्या अभिनेत्री येथल्याच. ऑब्री बर्ग या दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या दिग्दर्शकाने १९८७ पासून सुमारे तीन दशके या विभागाला जे वळण लावले, त्याचे हे फळ मानता येईल. शेकडो अर्जदारांतून वीसेक मुले निवडायची, चार वर्षे घासून घ्यायची आणि अखेरीस न्यूयॉर्कमध्ये एजंटांपुढे उभी करायची, अशी ही रीत. पण ही यादीसुद्धा मॅनहॅटनमधील चाळीसेक नाट्यगृहांचे कुंपण आखून आतलेच मोजते. प्रादेशिक रंगभूमीवर, पर्यटक-जहाजांवर, शाळांत काम करणारे बहुसंख्य पदवीधर तिच्यात नाहीत, आणि शिक्षणासाठी काढलेले कर्जही नाही.

या दोन्ही तक्त्यांच्या मधल्या फटीत आणखी एक गोष्ट हरवते. नाट्य आणि संगीत यांच्या शिक्षणात बंद दाराआड एक गुरू आणि एक शिष्य असतात. शरीराला हात लावून श्वास आणि ठेवण शिकवली जाते. प्रेमप्रसंग, मारहाण, बलात्कार यांची दृश्ये विशीतली मुले बसवतात. येथे होणारा त्रास नकाशावर ठिपक्याने दाखवता येत नाही. अशा दृश्यांची आखणी करणारे स्वतंत्र दिग्दर्शक नेमावेत, संमती हाही तालमीचाच भाग मानावा, ही जाणीव अमेरिकन नाट्यविद्यालयांत खऱ्या अर्थाने रुजली ती २०१०च्या दशकात. माझ्या मते, संगीत रंगभूमीच्या विद्यार्थ्याने सुरक्षिततेविषयी विचारायचा पहिला प्रश्न रस्त्यावरील दिव्यांविषयी असू नये, तालमीच्या दालनाविषयी असावा.

रस्त्याचे काय झाले, ते आता सांगायचे. ७ एप्रिल २००१ रोजी पहाटे ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये टिमथी थॉमस या एकोणीस वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला शहर पोलिसाने गोळी घातली. त्याच्यावरची वॉरंटे बहुतांशी वाहतूक-नियमभंगाची होती. १९९५ पासून सिनसिनाटी पोलिसांच्या हातून मेलेला तो पंधरावा कृष्णवर्णीय. त्यानंतर काही दिवस दंगल आणि संचारबंदी चालली. कॉलेज ऑफ म्यूझिक जेथे जन्मले तीच ही वस्ती. पुढच्या घटनेकडे रंगभूमीच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कृष्णवर्णीय संघटनांनी शहरावर बहिष्कार पुकारला, आणि २००२ मध्ये बिल कॉस्बी, वूपी गोल्डबर्ग, विंटन मार्सालिस यांनी सिनसिनाटीतले आपले कार्यक्रम रद्द केले. येथे आपण सुरक्षित राहू का, असा त्यांचा प्रश्न नव्हता. येथे कार्यक्रम करणे योग्य आहे का, असा होता. त्याच वर्षी शहर, पोलीस संघटना, नागरी हक्कांच्या संस्था आणि केंद्र सरकार यांच्यात झालेल्या करारांनी शहर पोलिसांच्या कारभारात जे बदल घडवले, ते पुढे देशभर उदाहरण म्हणून सांगितले गेले.

विद्यापीठाचे पोलीस मात्र त्या करारांच्या बाहेर होते. हे पोलीस म्हणजे पहारेकरी नव्हेत. ते शस्त्रधारी असतात आणि अटकेचे अधिकार त्यांना असतात. ऑगस्ट २०११ मध्ये आवारातल्याच एका वसतिगृहात त्यांनी विजेचा धक्का देणारे शस्त्र वापरले आणि एव्हरेट हॉवर्ड हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला. महाविद्यालयाची पूर्वतयारी करून घेणाऱ्या उपक्रमासाठी तो तेथे आला होता. दरम्यान, आवाराभोवतालच्या विद्यार्थी-वस्तीतील चोऱ्या-लुटालुटींमुळे पालक चिंतेत होते. शहराशी झालेल्या समझोत्यानुसार विद्यापीठाचे पोलीस हद्दीबाहेरही गस्त घालू लागले आणि मोटारी अडवू लागले. तक्त्याचे कुंपण होते तेथेच राहिले, बंदुकीचे पुढे सरकले.

१९ जुलै २०१५ रोजी विद्यापीठाचा पोलीस अधिकारी रे टेन्सिंग याने सॅम्युएल डुबोस या त्रेचाळीस वर्षांच्या कृष्णवर्णीयाची मोटार अडवली. कारण, पुढच्या बाजूला नंबरपाटी नव्हती. परवान्यावरून बोलणे लांबले. डुबोसने मोटार चालू केली. अधिकाऱ्याने त्याच्या डोक्यात गोळी घातली. ठिकाण विद्यापीठाच्या हद्दीबाहेर, माउंट ऑबर्नमध्ये. क्लारा बाउर यांची कॉन्झर्व्हेटरी पासष्ट वर्षे ज्या टेकडीवर नांदली तीच ही. मोटारीने आपल्याला फरफटत नेले, असे अधिकाऱ्याचे म्हणणे होते. त्याच्याच अंगावरील कॅमेऱ्याचे चित्रण पाहून सरकारी वकिलांनी ते फेटाळले आणि खुनाचा आरोप ठेवला. शिवाय, विद्यापीठाने पोलीस खाते चालवूच नये, असेही ते म्हणाले. २०१६ आणि २०१७ अशा दोन खटल्यांत ज्यूरींचे एकमत झाले नाही, आणि आरोप मागे घेण्यात आले. विद्यापीठाने जानेवारी २०१६ मध्ये कुटुंबाशी तडजोड केली : ४८ लाख ५० हजार डॉलर, माफी, आवारात स्मारक, आणि डुबोसच्या बारा मुलांना पदवीपर्यंत मोफत शिक्षण. डुबोस स्वतः रॅप गाणारा आणि संगीत ध्वनिमुद्रित करणारा होता. त्याच्या मुलांना विद्यापीठाचे दार उघडले ते असे.

हे वाचताना ‘रॅगटाइम’ आठवल्याशिवाय राहत नाही. डॉक्टरोव्ह यांच्या १९७५च्या कादंबरीवरचे हे म्यूझिकल १९९८ मध्ये ब्रॉडवेवर आले. त्याचे संगीतकार स्टीफन फ्लॅहर्टी हे सीसीएमचेच, १९८०च्या दशकाच्या आरंभी येथून बाहेर पडलेले. अर्थात म्यूझिकल थिएटर विभागाचे नव्हेत, संगीतरचनेचे विद्यार्थी. कोलहाउस वॉकर हा कृष्णवर्णीय पियानोवादक स्वतःची नवी फोर्ड घेऊन रस्त्याने निघालेला असतो. अग्निशामक दलाचे गोरे लोक त्याची वाट अडवतात, मोटारीची नासधूस करतात. तो न्याय मागत कचेऱ्या झिजवतो. त्याची प्रेयसी गाऱ्हाणे घेऊन सभेत जाते आणि तिच्या हातात शस्त्र असल्याच्या संशयावरून मारली जाते. अखेरीस शरण येत असताना त्यालाही गोळ्या घातल्या जातात. संस्थेच्या माजी विद्यार्थ्याने रचलेल्या या नाट्यकृतीला उत्कृष्ट संगीतरचनेचे टोनी मिळाले आणि ते संस्थेच्या गुणवत्तेच्या बाजूला जमा झाले, हे योग्यच. अडवलेल्या मोटारीची ती गोष्ट सतरा वर्षांनी संस्थेच्या शेजारच्या टेकडीवर घडली, ती कोणत्या बाजूला मांडायची? मूल्यमापनाच्या कोणत्याही प्रचलित तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही. डुबोस विद्यार्थी नव्हता, जागा आवाराची नव्हती आणि गोळी संरक्षकाची होती.

२०१५ नंतर विद्यापीठाने आपल्या पोलीस खात्याची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतली आणि हद्दीबाहेर मोटारी अडवण्याला आवर घातला. खालच्या ओव्हर-द-ऱ्हाइनचेही रूप पालटले आहे. २००३ पासून उद्योगपतींच्या पुढाकाराने तेथील इमारती विकत घेऊन नव्याने सजवल्या गेल्या, उपाहारगृहे आली, भाडी चढली, आणि पूर्वीचे अनेक रहिवासी पुन्हा एकदा कोठेतरी गेले. नाट्यगृहे मात्र तेथे टिकली आणि वाढलीही. त्याच परिसरात, म्यूझिक हॉलपासून हाकेच्या अंतरावर, २०१० पासून एक सार्वजनिक शाळा भरते : स्कूल फॉर क्रिएटिव्ह अँड परफॉर्मिंग आर्ट्स. वर्णविभक्त शाळांवरचा एक उपाय म्हणून, साऱ्या शहरातून मुले यावीत या हेतूने, ती १९७३ मध्ये निघाली होती. आता तिच्यात बालवर्गापासूनची मुले गाणे, अभिनय आणि नृत्य शिकतात. त्यांतली काही पुढे टेकडीवर सीसीएमच्या चाचणीलाही जात असतील. दुपारी शाळा सुटली की ती वॉशिंग्टन पार्कच्या बाजूने, २००१च्या एप्रिलमध्ये संचारबंदी होती त्याच रस्त्यांवरून, घरी जातात.